‘अगदि’ आणि ‘निर्वासित’

‘निर्वासित’ हा शब्द मराठी वाचकाच्या कानी पडला की फाळणी आठवते, कल्याणची छावणी आठवते, आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले हेही आठवते. म्हणजे या शब्दात हरवलेले घर आहे, तसे पुढे लाभलेले गावही आहे. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ कुटुंबांविषयीचे लेखन मराठीत आणताना नेमका याच शब्दाने घोटाळा होतो. तमिळमध्ये त्यांना ‘अगदि’ म्हणतात. मूळ संस्कृत ‘अगति’ : ज्याला गती नाही, मार्ग नाही, असा.

शोभाशक्ती यांच्या ‘गोरिला’ (२००१) या कादंबरीस ‘निर्वासित’ एक वेळ चालेल. तिचा नायक खरोखरच घर सोडून, सीमा ओलांडून फ्रान्समध्ये आश्रय मागतो. सरकारी दप्तराला एकाच नावाचा, सनावळीबद्ध वृत्तान्त हवा. आणि याच्यापाशी बापाचे टोपणनाव, चळवळीने दिलेले नाव, अर्जातले नाव अशी नावांचीच दाटी! अर्जाच्या रुक्ष भाषेला कादंबरीत आणण्याचे लेखकाचे धाडस मोलाचे वाटते.

परंतु तामिळनाडूतील छावण्यांतच जन्मलेल्या तरुणांचे काय? त्यांनी कोणतीच सीमा ओलांडलेली नाही. आईबाप १९८३ नंतर समुद्रमार्गे आले, ते कायद्याच्या लेखी अवैध स्थलांतरित. आणि १ जुलै १९८७ पासून केवळ येथील जन्म नागरिकत्वास पुरत नसल्याने मुलांनाही तोच शिक्का चिकटतो. २०२५ च्या केंद्रीय आदेशाने नोंदणी झालेल्यांना शिक्षेतून सूट मिळाली, नागरिकत्व नव्हे. (याच कुंभकोणम्‌मध्ये १८२८ साली मराठी कुटुंबात जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर व बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. पूर्वज कोठून आले याचा कागद त्यांना कुणी मागितल्याचे ऐकिवात नाही.)

तो. पत्तिनादन यांचे ‘पोरिन् मरुपक्कम्’ हे आत्मकथन या छावणीजीवनाचे आहे. त्यात ‘गोरिला’चे नाट्य नाही. हा दोष मानणारे समीक्षक गतीलाच कथनाचा प्राण समजतात. येथे तर गतीचा अभाव हाच विषय आहे. हजेरी, परवानगी, पुन्हा हजेरी : याला कथानक कोठून येणार?

अशा लेखनात ‘निर्वासित’ म्हणावे, तर छावणीत जन्मलेल्याला कोणत्या वासातून काढले? ‘शरणार्थी’ म्हणावे, तर त्याने स्वतः शरण मागितलेलीच नाही. ‘अगतिक’ हा सख्खा भाऊ खरा, पण मराठीत तो मनाची अवस्था सांगतो, दप्तरातील दर्जा नव्हे. म्हणून अनुवादात ‘अगदि’ हाच शब्द ठेवावा, असे माझे मत आहे. पहिल्या दोन-चार पानांत वाचक त्याला आपले ‘अगदी’ समजून अडखळेल, अडखळो.