तंतोतंत प्रत : खात्री नेमकी कशाची?

संगीताच्या सीडी संगणकावर जपून ठेवण्यासाठी २००१ साली आलेली ‘फ्लॅक’ ही पद्धत आम्हांला आवडते. तिची युक्ती वर्गात फळ्यावर दाखवण्याजोगी आहे. सीडीवर ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने आकड्यांत नोंदलेले असतात. मागच्या आकड्यांवरून पुढचा ओळखायचा आणि अंदाज जितका चुकला तेवढेच लिहायचे. १००, १०४, १०८ नंतर ११३ आला, तर नोंद फक्त १. फाइल बरीच लहान होते, तरी उलगडल्यावर आकडा न् आकडा परत मिळतो. एमपी३मध्ये तसे होत नाही.

मात्र ‘मूळ सीडीची तंतोतंत प्रत’ हा सरसकट केला जाणारा दावा आम्हांला मान्य नाही. हाती आलेले आकडे फ्लॅक जपते. ते सीडीवरून बरोबर वाचले गेले की नाही, हे तिला कळत नाही. चुका सुधारण्याची एक सोय सगळ्याच सीडींवर असते. संगणकीय माहितीच्या सीडीवर शिवाय दर २,०४८ बाइटमागे २७६ जादा बाइट असतात. संगीताच्या सीडीवर हा दुसरा पहारा नाही. ओरखडा मोठा असेल, तर ड्राइव्ह शेजारच्या नमुन्यांवरून मधला आकडा बेतून देऊ शकतो. कानाला फरक जाणवतोच असे नाही. संग्रहात मात्र तो अस्सल म्हणून बसतो. फाइलमधली एमडी५ ही पडताळणीची खूणही त्याच आकड्यांवरून काढलेली!

दोन निरनिराळ्या ड्राइव्हवर सीडी वाचून आकडे ताडून पाहावेत. दोन्ही वाचनांची सुरुवात काही नमुन्यांनी पुढेमागे असू शकते; तेवढी आधी जुळवून घ्यावी.