शेपटीचा 'क': आकार आणि कार्य

लिपी आणि सत्ता यांचा संबंध शोधणाऱ्या समीक्षेला सिरिलिकमधील शेपटीयुक्त 'क' हा आयता पुरावा वाटावा. रशियन 'क'च्या उजव्या पायाखाली एक आखूड रेघ उतरवली, की कझाक, उझ्बेक, कराकल्पाक, उइगुर या तुर्की भाषांतला आणि इराणी कुळातील ताजिकमधला, पडजिभेपाशी उच्चारला जाणारा 'क़' सिद्ध होतो. (तो देवनागरीत दाखवायला आपल्यालाही नुक्त्याचाच आधार घ्यावा लागतो.) अरबी लिपीत या ध्वनीला स्वयंपूर्ण वर्ण होता. अहमत बायतुर्सिनुली यांनी १९१२च्या सुमारास कझाकसाठी सुधारलेल्या अरबी लिपीत तो टिकला, १९२९च्या लॅटिन लिपीतही 'के' आणि 'क्यू' निराळेच राहिले. १९४०मध्ये सिरिलिक आली आणि हा स्वतंत्र वर्ण रशियन वर्णाचा विकार ठरला. देरिदाचे वाचक पुढचे विवेचन स्वतःच पूर्ण करतील.

हे वाचन खोटे नाही, मात्र ते आकारापाशी थांबते. अबखाझमध्ये साधा 'क' श्वासद्वार मिटून उच्चारला जातो आणि शेपटीचा 'क' महाप्राण असतो. पडजिभेशी त्याचा संबंध नाही. म्हणजे शेपटीला स्वतःचा उच्चारच नाही. 'हा तो नव्हे' एवढेच ती सांगते. सोस्यूरच्या भेदतत्त्वाचे इतके उघड उदाहरण विरळा. बाश्किर लिपीने याच 'क़'साठी रेघ माथ्याशी, डावीकडे दिली. किर्गिझ आणि तातार साध्या 'क'वरच भागवतात. आपणही 'चार' आणि 'चाक' एकाच 'च'ने लिहितो. किर्गिझ वाचकाला शेजारचा स्वर वाट दाखवतो, मराठी वाचकाला केवळ सवय.

कझाकमध्येही देशी शब्दांपुरता स्वरावरून भेद कळतोच. मग वेगळा वर्ण कशासाठी? बायतुर्सिनुलींच्या लिपीत याचे उत्तर आहे. तेथे 'क' किंवा 'ग' असलेल्या शब्दाला मृदू स्वरांची निराळी खूण द्यावी लागत नसे. व्यंजनच साऱ्या शब्दाचा स्वरबाज सांगून जाई. शेपटी रशियन वर्णाला जोडलेली असली, तरी तिच्याकडे आलेले हे काम सिरिलिकपूर्व आहे. आकारालाच अर्थ मानणाऱ्या समीक्षेला ते दिसू शकत नाही.

सत्ता दिसते ती अन्यत्र. कझाक वर्णमालेत हा वर्ण 'क'च्या लगेच पुढे येतो. उझ्बेक सिरिलिकमध्ये मात्र रशियन वर्ण संपल्यावर, परिशिष्टासारखा. त्याहून बोलके उदाहरण नावाचे. कझाकांच्या स्वनामात हा ध्वनी आरंभी आणि अखेरी असा दोनदा येतो. कोसॅकांशी घोटाळा होऊ नये म्हणून १९३६मध्ये अधिकृत निर्णयाने रशियन लेखनातील अखेरचा 'क' काढून 'ख' घातला गेला. एकाच ध्वनीची एकाच शब्दात दोन रूपे झाली, आणि तेव्हा कझाक अजून लॅटिनमध्येच लिहिली जात होती. शेपटी जन्मायला चार वर्षे अवकाश होता.

कझाकस्तानात २०१७च्या आदेशानंतर मांडल्या गेलेल्या लॅटिन मसुद्यांत या ध्वनीला पुन्हा 'क्यू' मिळाला आहे. तेव्हा शेपटी गळाली तरी वर्णाचे कठोर स्वरांशी असलेले नाते तसेच राहील. ते रशियनने दिलेले नव्हतेच.