यंत्रलिखिताचा संशय : शैली आणि कर्तृत्व

प्रस्तावना :
शैलीवरून लेखक ओळखणे हा समीक्षेचा जुना व्यवहार आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला मजकूर शोधणाऱ्या संगणकप्रणालींचा दावाही वरकरणी असाच दिसतो. प्रत्यक्षात यांपैकी अनेक प्रणाली पुढचा शब्द कितपत अपेक्षित होता, हे मोजतात. शब्द जितके अपेक्षित, तितका यंत्राचा संशय अधिक. म्हणजेच येथे मोजली जाते ती भाषेची रूढता, कर्तृत्व नव्हे.

विवेचन :
या गल्लतीची झळ कोणाला पोहोचते, हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये ‘पॅटर्न्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून स्पष्ट होते. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध सात प्रणालींकडून तपासण्यात आले. या मानवी लेखनाला यंत्रलिखित ठरवण्याचे सरासरी प्रमाण ६१ टक्क्यांहून अधिक होते. ८९ निबंधांवर किमान एका प्रणालीने तसा शिक्का मारला. अमेरिकेतील आठवीच्या विद्यार्थ्यांचे निबंध मात्र बहुतांशी निर्दोष ठरले. विशेष म्हणजे टोफेलच्या त्याच निबंधांतील शब्दकळा चॅटजीपीटीकडून समृद्ध करून घेतल्यावर त्यांवरील संशय बराच ओसरला. यंत्राचा हात लागल्यावर लेखन अधिक ‘मानवी’ ठरावे, यातच या कसोटीचे वैगुण्य उघड होते.

ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये आणलेल्या प्रणालीने कंपनीच्याच चाचणीत ९ टक्के मानवी लेखन यंत्राचे ठरवले होते. अचूकता कमी असल्याने ती जुलै २०२३ मध्ये मागे घेण्यात आली.

मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा धोका दुर्लक्षिता येणार नाही. ठरावीक वाक्यरचना आणि मोजका शब्दसंग्रह ही त्याला वर्गातूनच मिळालेली शिस्त होय. ज्या नियमबद्धतेला आजवर गुण मिळाले, तीच आता त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरू शकते.

वाङ्मयचौर्याच्या आरोपात मूळ मजकूर शेजारी ठेवून पडताळणी करता येते. येथे असा मूळ मजकूरच नसतो. असते ती केवळ एक टक्केवारी. तिचे खंडन विद्यार्थ्याने कशाच्या आधारे करावे?

निष्कर्ष :
प्रणाली सुधारल्या, तरी शैलीसाम्य हा कर्तृत्वाचा पुरावा होत नाही. टिपणे, कच्चे खर्डे, विद्यार्थ्याचे पूर्वीचे लेखन आणि मौखिक परीक्षा यांच्या आधारेच निर्णय व्हावा. टक्केवारी फार तर चौकशीचे निमित्त होईल; निवाडा वाचणाऱ्या अध्यापकानेच करावयाचा आहे.