खूण आणि मापन : कॅमशाफ्टच्या वेळनिश्चितीची चिकित्सा

मोटारीच्या इंजिनात झडपा केव्हा उघडाव्यात आणि केव्हा मिटाव्यात, हे कॅमशाफ्ट ठरवितो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा त्याचा एक फेरा पुरा होतो. या दोहोंचे परस्परांशी असलेले नाते पक्के करणे म्हणजेच कारागिरांच्या भाषेत ‘टायमिंग लावणे’. हे काम बहुतेक ठिकाणी पुलीवरील खूण शेजारच्या स्थिर खुणेशी जुळवून केले जाते, आणि कारखान्यातून आले त्याच स्थितीत असलेल्या इंजिनापुरते ते पुरेही पडते. परंतु शर्यतीसाठी अथवा अधिक शक्तीसाठी फेरफार केलेल्या इंजिनातही तीच खूण प्रमाण मानावी, असा जो समज रूढ आहे, तो तपासून पाहणे अवश्य आहे.

खूण ही मूलतः दुसऱ्या कोणी तरी, दुसऱ्या एका इंजिनावर केलेल्या मापनाची नोंद होय. ज्या परिस्थितीत ते मापन झाले ती बदलली की नोंदीचा आधारच सुटतो. उदाहरणादाखल, संपीडन वाढविण्यासाठी सिलिंडर हेड १ मि.मी. तासले, असे समजू. क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांतील अंतर तेवढे कमी होते. पट्ट्याच्या ओढ घेणाऱ्या बाजूला तितकी ढील पडते आणि कॅमशाफ्ट मागे राहतो. पुलीला ४० दाते आणि दोन दात्यांत ८ मि.मी. अंतर असेल, तर तिचा परीघ ३२० मि.मी. होतो. तो १ मि.मी.चा फरक कॅमशाफ्टच्या सुमारे १.१ अंशाइतका, म्हणजे क्रँकशाफ्टच्या सव्वादोन अंशांइतका ठरतो. पट्टा एक दाता सरकविल्यास मात्र क्रँकशाफ्टवर एकदम १८ अंशांचा फरक पडतो. तेव्हा दाता बदलून हा दोष निवारता येत नाही, आणि खुणा तर जुळल्यासारख्याच दिसत राहतात. फेरफार केलेल्या इंजिनाला फिरती, स्लॉट पाडलेली पुली लागते ती या कारणाने. तिला शोभेची वस्तू समजणे चूक होय.

खुणेवाचून वेळ निश्चित करता येते काय, या प्रश्नाचे एक उत्तर पुणे जिल्ह्यातच सापडते. शिरूर तालुक्यातील कारेगावलगत, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, फियाट व टाटा यांच्या भागीदारीतून उभा राहिलेला कारखाना आहे. फियाटने १९८५ साली बाजारात आणलेल्या ‘फायर’ मालिकेतील १.२ व १.४ लिटरची पेट्रोल इंजिने पुढे येथे तयार झाली. या मालिकेतील सोळा झडपांच्या इंजिनाची रीत चिंतनीय आहे. त्यातील कॅमशाफ्टची पुली चावीने जखडलेली नसते. बोल्ट आवळल्यावर केवळ घर्षणाने ती धरली जाते. कॅमशाफ्ट हत्यारांनी अडकवून ठेवावयाचे, स्पार्क प्लगच्या भोकांतून दोन पिस्टनांवर मापनाची हत्यारे टेकवावयाची, दोहोंची उंची सारखी येईतो क्रँकशाफ्ट फिरवावयाचा, पट्टा ताणावयाचा आणि मग पुलीचा बोल्ट आवळावयाचा. अशी ही रीत आहे.

तीत वरचे निर्जीव बिंदूस्थान शोधण्याचा प्रयत्नच नाही, हे विशेष. १,३६८ घ.सें.मी.च्या इंजिनात पिस्टनचा प्रवास ८४ मि.मी. आहे. त्या बिंदूजवळ क्रँकशाफ्ट ५ अंश फिरला तरी पिस्टन जेमतेम ०.२ मि.मी. हलतो, मधोमध मात्र एकाच अंशात तो पाऊण मिलिमीटरच्या जवळपास सरकतो. शेजारचा पिस्टन उलट दिशेने जात असल्यामुळे दोहोंच्या उंचीतील फरक त्याच्या दुप्पट दिसतो. जेथे चूक मोठी होऊन डोळ्यांना दिसते तेथेच मोजावे, हे तत्त्व येथे योजनेतच गोवलेले आहे. याउलट स्क्रू-ड्रायव्हर भोकात सोडून पिस्टनचे सर्वोच्च स्थान अदमासाने ठरविण्याची जी पद्धत अनेक गॅरेजांत चालते, ती नेमक्या सर्वांत आंधळ्या जागी मोजू पाहते. हत्यारे नसतील तर पिस्टनला दोन्ही बाजूंनी एकाच अडथळ्याशी थांबवून, अंशचकतीवरील दोन वाचनांचा मध्य घेणे हाच निर्दोष मार्ग होय.

झडपेच्या पूर्ण उचलीविषयीही असेच म्हणता येईल. कॅमचे नाक सपाटसर असल्याने तेथे डायल गेजची सुई काही अंश स्थिरच राहते. म्हणून सर्वोच्च उचलीच्या अलीकडे व पलीकडे समान उचलीवर वाचने घेऊन मध्य काढतात. कॅमच्या दोन बाजू समरूप असतील तोवर हे ठीक. नसतील तर किती उचलीवर वाचने घेतली त्यावर मध्य बदलतो. कॅमसोबत मिळणाऱ्या तक्त्यांवर येथे खरा आक्षेप घ्यावा लागतो. ‘२८० अंश’ ही संख्या कोणत्या उचलीपासून मोजली, हे सांगितल्यावाचून ती निरर्थक आहे. अमेरिकन निर्माते बहुधा ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मि.मी. उचल धरतात, युरोपातील अनेक १ मि.मी.; जाहिरातीतील आकडा पुष्कळदा याहूनही कमी उचलीवरचा असतो. भिन्न मापांच्या अशा संख्या शेजारी मांडून कॅमची निवड करणे म्हणजे कोस आणि मैल यांची बेरीज करणे होय.

कॅमशाफ्ट पुढे घेतल्यास खालच्या गतीचा जोर वाढतो आणि मागे नेल्यास वरच्या गतीचा, हा नियम सर्वतोमुखी आहे. त्याचे कारण मुख्यत्वे प्रवेश-झडप मिटण्याच्या क्षणात आहे. ती उशिरा मिटली तर मंद गतीत भरलेले मिश्रण परत फेकले जाते; वेगात मात्र आत येणाऱ्या प्रवाहाचा संवेग भर घालीत राहतो. पण हा नियम स्वतंत्र नव्हे. टेलर यांनी १९६० च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, प्रवेशमार्गातील प्रवाहाचा माख-निर्देशांक ०.६ च्या आसपास पोचल्यावर भरणक्षमता झपाट्याने ढासळते. झडप व मार्ग अरुंद असतील तर वेळेचे चार अंश इकडेतिकडे करून ती उणीव भरून निघत नाही.

टर्बो इंजिनात तर या नियमाची मर्यादा अधिकच उघड होते. रांजणगावात जुळविलेल्या लिनिया टी-जेटची शक्ती ११४ अश्वशक्ती होती. २०१५ च्या अबार्थ पुन्टोत, तेवढ्याच घनफळात, ती १४५ झाली. अशा इंजिनात शक्ती वाढविण्याचे पहिले साधन हवेचा दाब होय. निष्कासमार्गात प्रवेशमार्गापेक्षा अधिक दाब असेल, तर दोन्ही झडपा एकदम उघड्या राहण्याचा काळ वाढविल्याने जळालेला वायू सिलिंडरात परत शिरतो. साध्या शर्यती इंजिनाचा दीर्घ कॅम टर्बोवर बसविणारे हे लक्षात घेत नाहीत.

अनुभवी कारागिराचा कान तुच्छ मानण्याचे कारण नाही. मंद गतीतील लय त्याला पुष्कळ काही सांगते. मात्र झडप आणि पिस्टन यांमधील मोकळीक कानाला ऐकू येत नाही, आणि ऐकू येते तेव्हा उशीर झालेला असतो. ही मोकळीक प्रवेश-झडपेबाबत बिंदूस्थानानंतर, निष्कास-झडपेबाबत त्यापूर्वी, सुमारे १० अंशांच्या आसपास सर्वांत कमी असते. म्हणून प्रवेश-कॅम पुढे घेताना किंवा निष्कास-कॅम मागे नेताना पिस्टनवर मऊ माती ठेवून, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून, मातीची उरलेली जाडी मोजावी लागते. पाना अडला तर जोर न लावता हेड पुन्हा उघडावे.