‘वारस’ शब्दाचा अन्वयार्थ : सातारा आणि सांगली

सातारा व सांगली यांची तुलना करताना एक विधान वारंवार केले जाते : पटवर्धनांच्या व्यवहारदक्षतेमुळे सांगली वाढली, सातारा मात्र छत्रपतींच्या स्मृतीवर विसंबून मागे राहिला. स्वभावावरून इतिहास सांगण्याची ही रीत सोयीची खरी. पण पुराव्यापुढे ती टिकत नाही. शहराचे पाणी, रस्ते, शाळा यांविषयी प्रतापसिंह महाराजांनी दाखविलेली आस्था तत्कालीन इंग्रज अधिकाऱ्यांनाही नाकारता आलेली नाही.

भेदाचे मूळ दोन्ही राज्यांचे कंपनीशी जे देणे ठरले त्याच्या स्वरूपात शोधावे लागते. सांगलीच्या चिंतामणराव आप्पासाहेबांनी स्वारांच्या चाकरीऐवजी वार्षिक १,३५,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. देणे जबर होते, पण मोजता येण्याजोगे होते, म्हणून ते फिटले. साताऱ्याचे देणे उपकाराचे. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने कंपनीने राज्य ‘दिले’, अशी भाषा रूढ झाली. आणि उपकाराच्या देण्याला फेड नसते. राजाने बाहेरच्या सत्तांशी पत्रव्यवहार करू नये हे त्याच तहातले कलम. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याच्या आरोपासह १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले. रंगो बापूजी त्यांची बाजू मांडण्यासाठी लंडनला अनेक वर्षे खेटे घालीत राहिले. उपयोग झाला नाही.

शहाजी महाराज ५ एप्रिल १८४८ रोजी वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. तहात राजाबरोबर त्याच्या वारसांचा उल्लेख होता. वाद उरला तो या शब्दाच्या अर्थाचा. धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक पुत्र पिंडाचा आणि दायाचा अधिकारी. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी दत्तकाच्या बाजूने मत दिले. डलहौसीने मात्र खाजगी मालमत्तेचा वारस आणि राज्याचा वारस अशी फोड केली. एकच शब्द वाड्यात एका अर्थाने व राजसदरेवर दुसऱ्या अर्थाने वाचला गेला. राज्य खालसा झाले.

ही फोड तत्त्वाची होती असे मानावे तर पुढचा इतिहास आड येतो. १८५७ च्या उठावानंतर कॅनिंगने १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. सांगलीचे धुंडिराजराव १९०१ मध्ये निपुत्रिक वारले, तेव्हा १९०३ चे दत्तविधान मान्य झाले. शब्द तोच, शास्त्र तेच. बदलली होती ती वाचणाऱ्याची गरज. घराण्याच्या गुणाचा युक्तिवाद करणाऱ्यांनी तासगावकडेही पाहावे. तेही पटवर्धनांचेच, पण १८४८ मध्ये वारसाअभावी खालसा झाले. तेथे व्यवहारदक्षता कामी आली नाही.

परिणाम महसुलाच्या वाटेत दिसतो. सांगलीचा महसूल कोठे खर्च व्हावा हे सांगलीच्या दरबारात ठरे; साताऱ्याचे मुंबईत. अर्थात दरबाराचे गोडवे गाण्याचे कारण नाही. संस्थानी प्रजेला राजकीय हक्क नव्हते, आणि कृष्णेवरील खोडशीचा बंधारा ब्रिटिश अमलातलाच. तरीही जवळ असलेल्या सत्तेकडे दाद मागता येते, एवढा फरक राहतोच.

१९४८ मध्ये सांगली संस्थान विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला, आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या जिल्ह्यात वाळवा, खानापूर, तासगाव हे तालुके आहेत. ते विलीनीकरणापूर्वी ब्रिटिश सातारा जिल्ह्यातच होते. त्यामुळे आजच्या जिल्हावार कोष्टकांतून संस्थानी आणि खालसा मुलुखातील अंतर काढू पाहणाऱ्याच्या हाती मिश्रणच लागते. त्याला गाववार दप्तरे उघडावी लागतील.