‘वाचाघात’ या संज्ञेची चिकित्सा

‘वाचाघात’ ही संज्ञा वाचेवरील आघात सुचविते. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये वर्णिलेल्या रुग्णास ती लागू पडते. त्याची वाणी खुंटली होती, आकलन बरेचसे शाबूत होते. कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये मांडलेल्या प्रकारात मात्र रुग्ण ओघाने बोलतो. परंतु बोलणे अर्थहीन होते व इतरांचे बोलणे त्यास उमगत नाही. पहिल्यात बहुधा डाव्या मोठ्या मेंदूच्या कपाळाकडील, तर दुसऱ्यात कानशिलाकडील खंडास इजा असते. ‘वाचा बसणे’ एवढेच लक्षण जाणणारे कुटुंब, अष्टमीचे असो वा मुंबईचे, अशा बोलक्या रुग्णास भ्रमिष्ट समजण्याचा संभव असतो, उपचार लांबतो. यास्तव संप्रेषणदोषांच्या अध्यापनात ‘भाषाघात’ हीच संज्ञा अधिक अन्वर्थक ठरते.