मापांच्या तीन ओळी

230, 3050, 115, 2750, 230.

डोंबिवलीतल्या विटांच्या बांधकामाच्या एखाद्या वन बीएचकेचं वर्किंग ड्रॉइंग उघडलं की खिडक्यांच्या भिंतीबाहेर साधारण अशी एक ओळ असते. बहुतेक जण ती ओलांडून थेट खोल्यांकडे जातात. मला विचाराल तर प्लॅनचा खरा मजकूर याच ओळीत असतो. नऊ इंची भिंत, दहा फुटांची खोली, साडेचार इंची पार्टिशन, नऊ फुटांचं स्वयंपाकघर, पुन्हा नऊ इंची भिंत. मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला, पण ठाण्या-कल्याणातल्या खोल्या अजून फुटांतच जन्माला येतात. 3050 म्हणजे दहा फूट आणि वर दोन मिलिमीटर. मिस्त्री कागदावर तीन हजार पन्नास वाचतो आणि हेल्परला ‘दहा फूट धर’ म्हणून सांगतो. सिपोरेक्सचे शंभर-दीडशे मिलिमीटरचे ब्लॉक आले तेव्हा भिंतींनी इंच सोडले. खोल्यांनी मात्र फूट सोडले नाहीत.

भिंतीला आणखी लगटून दुसरी ओळ असते: 1155, 1200, 1815, 1200, 1005. ही खिडक्यांची. आणि सगळ्यांत बाहेर एकच आकडा, 6375. दोन्ही ओळींची बेरीज करून पाहा, दोन्हीकडून तोच येतो. बारीक मापं आत आणि मोठी बाहेर, हा क्रम उगाच नाही. तो उलटा लावला तर बारीक मापांच्या विटनेस लाइन, म्हणजे भिंतीपासून मापापर्यंत येणाऱ्या रेघा, मोठ्या मापाची रेघ कापत बाहेर जातात आणि कुठली रेघ कुणाची तेच कळेनासं होतं.

यातला मला सर्वांत आवडणारा आकडा 1815. एका खोलीचे 925, पार्टिशनचे 115 आणि स्वयंपाकघराचे 775 त्यात मुरले आहेत, पण पार्टिशन कुठे दिसत नाही. दिसायचं कारणही नाही. हा आकडा बाहेर परांचीवर उभ्या असलेल्या गवंड्यासाठी लिहिला आहे. त्याला एका खिडकीच्या कडेपासून दुसरीच्या कडेपर्यंतचं अंतर हवं, मधली भिंत त्याच्या लेखी नाहीच. 115 हा आतल्या माणसाचा आकडा. कुठल्या ओळीत कोणाशी बोलायचं हे ज्याला उमगलं तोच असं लिहितो. 1155मधून भिंतीचे 230 वजा करा, 925 उरतात. 3050मधून खिडकी काढून निम्मे केले तरी 925च. म्हणजे खिडकी बरोबर मधोमध आहे, आणि ते कुठे लिहिलेलं नाही. रेव्हिट या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा ठिकाणी आकड्यांऐवजी नुसतं ‘ईक्यू’, म्हणजे समान, असं दाखवता येतं. डिझाइन चालू असताना ते ठीक, पण साइटवर जाणाऱ्या कागदावर ते ठेवणं म्हणजे आपला भागाकार मिस्त्रीच्या गळ्यात मारणं.

वागळे इस्टेटमधल्या मशीन शॉपचा ड्राफ्ट्समन ही मांडणी बघून नाक मुरडेल. यंत्राच्या भागावर साखळीतली सगळी मापं आणि वर एकूण माप असं एकदम देत नाहीत. प्रत्येक मापाची सूट (टॉलरन्स) साचत जाते, म्हणून एक माप मोकळं सोडतात किंवा कंसात टाकतात. इमारतीत साखळी मुद्दाम बंद करतात, कारण लाइनआउटच्या, म्हणजे साइटवर भिंतींची आखणी करण्याच्या, वेळी तीच पडताळणी असते. आधी 6375 पक्कं, मग आतले तुकडे.

रेव्हिटमध्ये ही ओळ काढायला काही क्षण पुरतात: भिंतीमागून भिंत टिपत जायचं आणि शेवटी मोकळ्या जागेत क्लिक करायचं. वेळ जातो तो नेमकं काय टिपायचं यात. टॅब दाबत गेलं की तीच भिंत कधी मध्यरेषा देते, कधी विटेची कड, कधी प्लास्टरची. सगळी गोम इथे आहे. 3050 विटेपासून विटेपर्यंत असेल, तर दोन्हीकडच्या 12 मिलिमीटर प्लास्टरनंतर हातात 3026 येतात. दहा बाय अकराच्या खोलीत एवढ्याने दीड चौरस फुटाहून जास्त जागा जाते. राष्ट्रीय इमारत संहिता (2016) एकुलत्या राहत्या खोलीला किमान 2.4 मीटर रुंदी मागते. विटेपासून मोजून हौसेने बरोबर 2400 काढलेली खोली प्लास्टर झाल्यावर 2376ची निघते. आणि 2016च्या रेरा कायद्याप्रमाणे कार्पेट क्षेत्रात बाहेरच्या भिंती येत नाहीत, आतली पार्टिशन येतात; म्हणजे आपल्या ओळीतले दोन्ही 230 बाहेर, 115 आत. लांबी 5915.

उरलं फिनिशिंग, ज्याचा सगळ्यांना कंटाळा. 1:100 प्रमाणात 115ची भिंत कागदावर सव्वा मिलिमीटरही भरत नाही, आणि अक्षराची उंचीच अडीच मिलिमीटर. आकडा मावत नाही, शेजारच्यावर चढतो. तो हाताने ओढून बाजूला ठेवावा लागतो, प्रत्येक भिंतीपाशी. ट्रेसिंग पेपरच्या दिवसांत एक भिंत हलली की अख्खी ओळ ब्लेडने खरवडावी लागे. आता ओळ भिंतीमागून आपोआप सरकते. ऑटोकॅडमध्ये मापावर हवा तो आकडा टाइप करता येतो, आणि घाईच्या रात्री तो केलाही जातो. रेव्हिट तसा आकडा स्वीकारत नाही, भिंत हलवायला लावतं. त्याच्या या हट्टाला माझी दाद आहे. पण त्यालाही फसवायची एक सभ्य वाट उरते: माप पाचाच्या पटीत गोल करून दाखवायचं. मग तुकडे वेगळं सांगतात, एकूण वेगळं, आणि पाच मिलिमीटरसाठी साइटवरून फोन येतो. गोल करायचं तर भिंत करावी, आकडा नव्हे.

नौपाड्यात किंवा डोंबिवलीत तुमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली असेल, तर रंगीत ब्रोशर बाजूला ठेवून मापांच्या ओळी असलेलं ड्रॉइंग मागा. आतली ओळ स्वतः बेरजेला घाला आणि सही करण्याआधी एवढं एकच विचारा: हे माप विटेपासून आहे की प्लास्टरपासून? उत्तर लेखी घ्या.